वाचून दाखविले, समजले

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी रुग्णालयाचा माणूस लिफाफा देऊन गेला. समितीपुढे तक्रार आली आहे. सहा वर्षे मी ह्या विश्वस्त रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर 'बाहेरचा सदस्य' म्हणून बसतो. निवृत्त मुख्याध्यापकाला दिलेला मान, एवढाच त्याचा अर्थ मी आजवर घेतला. बैठकीत चहा होतो, इतिवृत्ताचे शुद्धलेखन मी तपासतो, घरी येतो.

तक्रार हाताने लिहिलेली. वैशाली, वय ३१, बिद्रीकडच्या एका गावची. गर्भाशयातील गाठी काढण्यासाठी फेब्रुवारीत दाखल झाली. शस्त्रक्रियेत गर्भाशयच काढावे लागले. तिला कोणी सांगितले नाही. आठ महिने ती पाळीची वाट पाहत राहिली. गेल्या महिन्यात दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी केली, तेव्हा कळले. एक मुलगी आहे. दुसरे मूल हवे होते.

सवयीने लाल पेन्सिल हाती घेतली. पहिल्या चार ओळींत सात खुणा केल्या. पाचव्या ओळीत लिहिले होते, 'मला कुनी इचारलंच न्हाई.' पेन्सिल ठेवून दिली. समोर छायाप्रत होती, मूळ पत्र नव्हते, हे नशीब.

सोबत तिच्या सहीचे संमतिपत्र. त्याची भाषा माझी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

जुनी फाइल शोधली. रुग्णालयाची पूर्वीची संमतिपत्रे इंग्रजीवरून कशीबशी ओढून आणलेली होती. ती सुधारून देण्याचे काम मी आनंदाने घेतले होते. ह्या शस्त्रक्रियेचा कच्चा मसुदा स्त्री-विभागाच्या मुख्य परिचारिका सिस्टर मुल्ला ह्यांनी लिहून दिला होता. तो सापडला. त्यांचे गोल, नीटस अक्षर:

'गाठ काढताना रक्त थांबले नाही तर पिशवी काढावी लागेल. पिशवी काढली की परत मूल होणार नाही.'

पहिल्या वाक्याचे मी केले, 'अनिवार्य परिस्थिती उद्भवल्यास गर्भाशय-उच्छेदन करण्यास माझी संमती आहे.' दुसरे वाक्य सबंध खोडले आहे. समासात माझेच अक्षर: 'पुनरुक्ती. उच्छेदन म्हटल्यावर हे आलेच.'

कोणाला आले?

जेवण गेले नाही. सूनबाईंना पित्ताचे कारण सांगितले.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिली बैठक. अध्यक्ष निवृत्त सरकारी वकील आहेत. कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचतात. शस्त्रक्रिया डॉ. स. ह्यांनी केलेली. डॉ. स. माझे विद्यार्थी, नववी-दहावी. मी आत शिरताच सर्वांदेखत उठून उभे राहिले. एरवी ह्याचा मला अभिमान वाटतो.

डॉ. स. सरळ बोलले. गाठी मोठ्या होत्या, रक्त थांबेना, वीस मिनिटांत निर्णय घ्यावा लागला. जीव वाचला. बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला सर्व सांगितले. 'घरच्यांना सांगितलं होतं, सर.' ह्यात खोटे काही नाही. आपल्याकडे असेच सांगतात. माझ्या पत्नीच्या आजारपणातही मलाच सांगितले होते; तिला काय सांगायचे, ते मी ठरविले होते. त्या वेळी त्यात मला काही वावगे वाटले नव्हते.

नवरा साखर कारखान्यावर हंगामी कामाला आहे. गळीत सुरू झालेले, कामाची एक पाळी बुडवून आला होता. टोपी हातात घेऊन बोलला. 'डाक्टर म्हणाले, जीव वाचला. मी म्हटलं, एवढं बास हाय. आता अशक्त हाय, मागनं सांगू. मागनं सांगायला गेलो की तोंड उघडंना.' ती दर महिन्याला विचारी, आणि तो 'ईल की, अशक्तपणा हाय' म्हणे.

वैशाली त्याच्याकडे पाहत नव्हती. अध्यक्षांनी संमतिपत्र पुढे केले. ही सही तुमचीच ना? 'व्हय, माझीच.' सहीच्या वर छापले आहे, 'वरील मजकूर मला वाचून दाखविण्यात आला असून तो मला पूर्णपणे समजला आहे.' हे वाक्यही माझेच.

ती म्हणाली, 'कुणी वाचलं न्हाई मला.'

अध्यक्ष म्हणाले, 'बाई, इथं तर लिहिलंय.'

११ नोव्हेंबर, मंगळवार

सायंकाळी सिस्टर मुल्लांच्या घरी गेलो. पूर्वसूचना दिली नव्हती, अनुचितच. त्यांनी शेवयांची खीर गरम करून पुढे ठेवली, आणि मी कशासाठी आलो आहे ते मी सांगण्याआधीच ओळखले.

मी त्यांचे खोडलेले वाक्य दाखविले आणि क्षमा मागितली. त्यांनी वाक्य वाचले. मग हसल्या, ते हसणे मला सोसवले नाही.

'सर, तुमी खोडलं म्हणून काय झालं न्हाई. ठेवलं असतं तरी कोण वाचणार हुतं? सकाळी सहाला सात बायका टेबलाला न्यायच्या असतात. गाऊन घालून बसलेल्या असतात सगळ्या. एकेकीम्होरं कागदांचा गठ्ठा धरायचा, इथं करा, इथं करा, इथं अंगठा. बास.'

त्या दिवशी? त्या दिवशी गठ्ठा त्यांनीच धरला होता. वैशालीने विचारले होते, 'हे कशाचं?' सिस्टरांनी सांगितले होते, 'गाठ काढायचं.'

हे समितीपुढे सांगाल का, असे विचारले. त्यांनी वाटी उचलून आत नेऊन ठेवली. निवृत्तीला चौदा महिने आहेत. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, 'मी काय वायलं केलं न्हाई सर. तीस वर्षं असंच चाललंय.'

आठवडाभर मी एका खोडलेल्या वाक्यापायी अन्न टाकले. ते कोणी वाचणारच नव्हते. ह्यात समाधान नाही. वाईट अधिकच वाटते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉ. स. ह्यांचा दूरध्वनी. अर्धा तास बोलले. आवाज थकलेला. 'सर, मी तिला मारलं असतं तर कायद्यानं सुटलो असतो, कारण सही होती. वाचवलं, तर चौकशी.' त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. शस्त्रक्रियेबद्दल माझी शंका नाहीच. नंतरच्या आठ महिन्यांबद्दल विचारले. टाके काढायला आली, तपासणीला दोनदा आली, तेव्हा तिच्याशी तुम्ही काय बोललात?

'जखम बघितली. बरी होती. मला वाटलं, तिला माहीत आहे.'

तिने काही विचारले नाही?

'रांग केवढी असते, सर.'

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी बैठक. मी उभा राहून निवेदन वाचले: संमतिपत्र मी लिहिले, सामान्य स्त्रीला कळेल असे वाक्य मी काढून टाकले, दोषाचा माझा वाटा नोंदवावा. सिस्टरांनी घरात विश्वासाने सांगितलेले मी बोललो नाही. ते बोलण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे अजून ठरत नाही.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. तत्काळ ठराव सांगू लागले: 'संमतिपत्रातील क्लिष्ट भाषेमुळे रुग्णाचा गैरसमज झाला. भाषेत सुधारणा करण्यात यावी. संमती कायदेशीर असून वैद्यकीय हलगर्जीपणा आढळत नाही. तक्रार निकाली.' सर्वांना सुटल्यासारखे झाले. डॉ. स. ह्यांनी जाताना माझ्या पायांना हात लावला.

मी कबुली द्यायला गेलो आणि त्यांना पळवाट देऊन आलो. आता सर्व दोष भाषेचा. भाषेची चौकशी होत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी वैशाली आली. दोन बस बदलून. पत्ता रुग्णालयातून मिळविला म्हणाली. तक्रार निकाली निघाल्याचे पत्र पिशवीत होते. ते तिला कोणाकडून तरी समजून घ्यायचे होते, आणि समितीत तिच्याकडे पाहून बोलणारा मी एकटाच होतो, असे तिचे म्हणणे. हे खरे नाही. मी कागदाकडेच पाहत होतो.

पत्र समजावून सांगितले. मग संमतिपत्र कोणी लिहिले तेही सांगितले. ती रागावेल, अशी माझी तयारी होती. तिने पदराने चेहरा पुसला आणि विचारले, 'मास्तर, तुमाला वाटलं आसंल का, की मी न्हाई म्हटली असती?'

तिनेच पुढे सांगितले:

'मी व्हय म्हटलं असतं. पोरगी ल्हान हाय, मरून कसं चालंल. पिशवी काढा म्हटलं असतं. रडली असती चार दिस. पर मला ठावं असतं. हिथं आठ म्हैनं मी देवाला नवस बोलत बसली. माझा नवरा बघत हुता नवस बोलताना.'

पैसे नकोत तिला. डॉक्टरांना शिक्षाही नको. 'लिहून द्या म्हणावं, की हिला सांगितलं न्हवतं. तेवढं खरं कागदावर आलं की झालं.'

चहा घेतला नाही. पाच वाजता मुलगी शाळेतून येते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

इतिवृत्त स्वाक्षरीसाठी आले. शुद्धलेखन निर्दोष आहे. एकही खूण करावी लागली नाही. सही केली नाही. अध्यक्षांना दूरध्वनी करून भिन्नमताची टीप जोडणार असल्याचे सांगितले: तक्रारदार स्त्रीस मजकूर वाचून दाखविला नव्हता, शस्त्रक्रियेनंतरही सांगितले नव्हते. ते म्हणाले, आधार काय? तिचा शब्द, मी म्हणालो. 'तिच्या सहीच्या विरुद्ध तिचाच शब्द? दुसरा पुरावा आणा, मास्तर. शुक्रवारी पुन्हा बसू.'

दुसरा पुरावा मला ठाऊक आहे. सिस्टरांचे नाव लिहिले तर त्यांचे नोकरीचे शेवटचे चौदा महिने जातील, कदाचित निवृत्तिवेतनही अडकेल. डॉ. स. ह्यांना मात्र काही होणार नाही. नाव लिहिले नाही तर वैशालीच्या म्हणण्याला आधार नाही. ज्यांच्यापाशी गमावण्याजोगे सर्वांत कमी, त्यांच्यातच मला निवड करायची आहे.

सिस्टर मुल्लांना पत्र लिहिले. आग्रह केला नाही. काय घडले आहे, काय विचारले जाईल, आणि त्या 'नाही' म्हणाल्या तरी मी त्यांचे नाव घेणार नाही, एवढेच. तीन वेळा लिहिले. तिसऱ्या खेपेस एकही अवघड शब्द उरला नाही. सायंकाळी नातवाने नेऊन दिले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. बैठक अकराला, अजून वीस मिनिटे आहेत. पत्राचे उत्तर आले नाही.

येताना दाखल-खिडकीपाशी नवीन संमतिपत्रांचा गठ्ठा पाहिला. गाठीच्या शस्त्रक्रियेच्या पत्रात सिस्टरांची दोन्ही वाक्ये जशीच्या तशी आली आहेत. खाली, सहीच्या वर, 'वाचून दाखविण्यात आला, समजला' हेही आधीच छापलेले. एक म्हातारे गृहस्थ अंगठ्याला शाई लावून उभे होते. मी त्यांना बाजूला बसविले आणि सबंध कागद वाचून दाखविला. अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची, शस्त्रक्रिया. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, 'पावणं, आता नको म्हटलं तर चालतंय व्हय?'

चालते, मी म्हणालो. खिडकीतल्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. ते अंगठा तसाच वर धरून विचार करीत बसले. मी निघालो तेव्हाही बसलेलेच होते.

वैशाली आणि तिचा नवरा जिन्यापाशी उभे आहेत. दोघांत हातभर अंतर.

आत्ताच सिस्टर मुल्ला आल्या. गणवेशात नाहीत, साडीत आहेत. अध्यक्षांनी बोलाविले की स्वतःहून आल्या, कळत नाही. मला पाहिले, नमस्कार केला नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आहेत. हातात एक घडी घातलेला कागद. माझे पत्र, की त्यांनी लिहिलेले काही, ते इथून दिसत नाही. दार उघडले, बोलावणे आले.