पॅसेजमधलं धूड आणि नातीचा कंटेनर

३ मार्च, सोमवार

सकाळपासून घरात कुणी गेल्यासारखी शांतता. नात लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसलेली. काय झालं विचारलं तर म्हणे, "बिल्ड फुटलं." मी म्हटलं, झाडू आणू का? माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने चहा टाकायला गेले.

हिची कंपनी दवाखान्यात नंबर पुकारणारं यंत्र बनवते. मागे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तिथे भिंतीवरून एक बाई ओरडत होती — नंबर बावीस, नंबर बावीस! ती बाई म्हणजे हिच्या कंपनीचं काम. मी तेवीस होते. बावीस घरी पळून गेलेला, आणि ही बया पुढे सरकेना! तेव्हापासून माझं त्या कंपनीबद्दल काही फार चांगलं मत नाही.

पण बोलून काय! साहेबाने सांगितलंय, महिनाअखेर हे काम त्याच्या मशीनवर चालवून दाखव, मग नोकरी पक्की. नाही चाललं तर घरी बस. आणि मुलाने — म्हणजे हिच्या बापाने — फोनवर वर जोडून दिलंय, "आई, तिची नोकरी गेली तर दोघी इकडे या. तू एकटी राहायची नाहीस. घराला कुलूप लावू."

त्याच्या घरी सूनबाईला विचारल्याशिवाय कप कुठे टेकवता येत नाही. मी माझं घर सोडणार नाही. तेव्हा हिचं ते बिल्ड आता माझंही.

४ मार्च, मंगळवार

आज नीट समजून घेतलं. प्रोग्राम लिहिला म्हणजे चालत नाही, तो आधी बांधावा लागतो. बांधायला हत्यारं लागतात. त्या हत्यारांना आणखी हत्यारं लागतात.

"आणि त्यांना?"

"त्यांना आणखी."

मी म्हटलं, हे तुझ्या आईच्या माहेरासारखं झालं. एकाला जेवायला बोलवा, मागून सगळी वरात. ती म्हणाली, "आजी, अगदी बरोबर." चला, एवढं तरी कळलं.

आता ही सगळी वरात म्हणे कंटेनरमध्ये बसवायची. कंटेनर म्हणजे एक रिकामी खोली समज, म्हणाली. आत काही म्हणजे काही नाही. जे लागेल ते आपण लिहून द्यायचं, तेवढंच आत येतं. काम झालं की खोली मोडून टाकायची, पुन्हा लागली की पुन्हा उभी करायची. मग ती हिच्या मशीनवर चालते, साहेबाच्या चालते, कुणाच्याही चालते.

म्हणजे झाडलोट नाही, कोपऱ्यात जाळी नाहीत! इतकी छान खोली, आणि राहायला माणूस नाही.

६ मार्च, गुरुवार

चाललं! दोघींनी चिमूटभर साखर खाल्ली.

७ मार्च, शुक्रवार

चालत नाही. हिने बोटही लावलं नव्हतं!

कुठल्या तरी लांबच्या माणसाने काल आपल्या हत्याराची नवीन आवृत्ती काढली. आणि हिने खोलीसाठी लिहून काय ठेवलेलं? 'जे सगळ्यात नवीन असेल ते आण.' मी हात जोडले. अगं, बाजारात पाठवताना कुणी असं सांगतं का? तुझ्या आजोबांना मी एकदाच म्हटलं होतं, जी ताजी दिसेल ती भाजी आणा. पिशवीभर आलं घेऊन आले! म्हणे सगळ्यात ताजं तेच होतं.

दुपारभर बसून तिने एकेका हत्यारापुढे आवृत्तीचा आकडा लिहिला. हेच पाहिजे, दुसरं नको. आता कसं माणसासारखं बोलली.

१० मार्च, सोमवार

आजची गंमत! कंटेनरमध्ये तयार झालेली फाईल बाहेर आली, तर हिला ती पुसता येईना. लॅपटॉप म्हणतो, ही फाईल मालकाची आहे, तुला अधिकार नाही.

"मग मालक कोण?"

"मीच. पण आतली मी वेगळी, बाहेरची मी वेगळी."

मी विषय वाढवला नाही. लग्न झाल्यावर माझंही पुष्कळ वर्षं असंच होतं.

१२ मार्च, बुधवार

आज मनासारखं काम झालं. पॅसेजमधलं ते धूड काढलं! मुलाचा जुना कॉम्प्युटर, पडदा नाही, काही नाही, नुसतं पत्र्याचं खोकं, वर्षभर मधमाश्यांसारखं घूं घूं करत बसलेलं. वीज खायची आणि धूळ जमवायची. भंगारवाला दारावरून चालला होता, हाक मारली. वायर ओढली, घूं घूं बंद. काय बरं वाटलं कानाला!

नातीने मागे बजावलं होतं, "आजी, याला हात लावू नकोस." मी लावला नाहीच. भंगारवाल्याने उचललं.

त्यावरचं कापड चांगलं होतं, ते ठेवून घेतलं. रिकाम्या जागी धान्याची पत्र्याची कोठी सरकवली, बरोब्बर बसली. वर तेच कापड घातलं. पॅसेज कसा भरल्यासारखा दिसतो.

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा चालत नाही. म्हणे एक हत्यार आत येत नाही.

१५ मार्च, शनिवार

पोरीचं तोंड सुकलंय. जेवताना भाजी कुठली होती विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कंटेनरच्या आतून बाहेरचं काही दिसत नाहीये म्हणते, त्याला बाहेर बघायला शिकवायचं चाललंय. सारखं काहीतरी बदलते, सारखं लाल लाल अक्षर येतं. साहेबाचा फोन आला. हिच्याकडून नुसतं "हो सर, बघते सर." हो सर म्हणताना मान खाली घालते! फोनवर कुणाला दिसते मान?

बापाचाही फोन. "आई, सामान बांधायला केव्हा येऊ?" मी म्हटलं, तुझं तोंड बांध आधी.

१७ मार्च, सोमवार

आज जे कळलं ते कुणाला सांगणार! इथे लिहिते.

आज न राहवून तिला विचारलं, ते हत्यार येतं तरी कुठून? म्हणाली, "आपल्या पॅसेजमधून."

"म्हणजे?"

"अगं, तो बाबांचा जुना कॉम्प्युटर नाही का! सगळी हत्यारं एकदा उतरवून मी त्याच्यात साठवून ठेवलीत. कंटेनर उभा राहिला की तिथून घेतो."

मी म्हटलं, मग दुसरीकडून मागव. तर ते एक हत्यार जुनं आहे, बनवणाऱ्याने ते इंटरनेटवरून काढून टाकलं. ही त्याची आवृत्ती आता फक्त आपल्याकडे. बरं, तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे ना, ते घाल! ते म्हणे लॅपटॉपच्या जातीचं, कंटेनरला वेगळ्या जातीचं लागतं. हत्यारांतसुद्धा जाती! धन्य आहे.

वर मला म्हणते, "आजी, पॅसेजमध्ये आहेस तर बघ गं, मशीनचा हिरवा दिवा लागलाय का?"

मी कापडाकडे बघितलं. कापडाखाली ज्वारी.

"दिसत नाही," म्हटलं. खोटं कुठे बोलले?

"कापडामुळे दिसत नसेल," असं पुटपुटून ती पुन्हा कामाला लागली. आणि मी कापड ओढून कोठी खालपर्यंत झाकली.

१८ मार्च, मंगळवार

ती उठायच्या आत भंगारवाल्याचं गोदाम गाठलं. तो दात घासत होता.

"माझं खोकं दे."

"मावशी, खोकं कधीच चेपलं. पत्रा गेला."

"आणि आतलं?"

"आतलं वेगवेगळं काढतो आम्ही. हे बघा." कोपऱ्यात एक पोतं. आत काळ्या काळ्या वड्या, सगळ्या एका आईच्या लेकरांसारख्या. माहिती ह्याच वड्यांत राहते, हे त्यालाही ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

"यातली माझी कोणती?"

"मावशी, मी काय बारसं केलंय त्यांचं?"

जीभ भारी आहे त्याची. दुसरा दिवस असता तर मी ऐकून घेतलं नसतं. म्हटलं, पोतंच दे. तर डोक्याला हात लावून विचार केल्यासारखं करतो! मला माहीत होतं काय येणार. माझ्या लोखंडी कॉटवर त्याचा केव्हापासून डोळा. दर वेळी दारात उभा राहून आत मान घालून बघतो, जणू कॉटची तब्येत विचारायला आलाय.

"कॉट द्या, पोतं न्या."

"वड्या चालल्या नाहीत तर?"

"तर वड्या परत आणा. कॉट नाही मिळणार."

दिली. नात अंघोळीला गेलेली असताना येऊन उचलूनही नेली. हा माणूस साहेब व्हायचा, चुकून भंगारात पडला.

१९ मार्च, बुधवार

काल नातीने खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थांबली.

"आजी, कॉट कुठेय?"

"दिली. जमिनीवर झोपणं पाठीला चांगलं असतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"भंगारवाला."

मग पोतं बघितलं. मग माझं तोंड बघितलं. मग तरातरा पॅसेजमध्ये गेली आणि कापड उचललं. कोठी! तिथेच खाली बसली. हसत होती की रडत होती कळेना, दोन्हीला तिचा आवाज सारखाच येतो.

"इतके दिवस मी कंटेनरला शिव्या देतेय, आजी! आणि पलीकडे ज्वारी!"

"हात लावू नकोस म्हणालीस, मी लावला नाही," म्हटलं. आणि तिच्या हातातलं कापड घेऊन त्याची घडी घातली.

मग ती उठली आणि एकेक वडी लॅपटॉपला जोडत गेली. काही मेलेल्या. एकीत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, नवरदेव प्रत्येक फोटोत फुगून बसलेला. आम्ही दोघींनी ते सगळे बघितले, शेवटपर्यंत हसला नाही मेला. त्यातच तिचा राग जरा उतरला असावा.

आज सकाळी आपली वडी सापडली. हत्यार आत सुखरूप!

मी म्हटलं, आता दुसरं खोकं आणू आणि पॅसेजमध्ये ठेवू. तर तिने लॅपटॉपवरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाली, "आजी, साहेबांच्या घरी कुठे आहे आपला पॅसेज?"

"म्हणजे?"

"म्हणजे खोकं जागेवर असतं तर माझ्याकडे चाललं असतं, आणि तिकडे सगळ्यांसमोर मी तोंडावर आपटले असते. कंटेनरला मी सगळं आत दिलंय असं समजत होते. तो गुपचूप आपल्या पॅसेजमध्ये हात घालत होता!"

आता तिने ते हत्यारच आत ठेवून दिलं. बाहेर हात पसरायला नको.

"म्हणजे मी उपकारच केले की!"

"इतकंही नाही, आजी."

२४ मार्च, सोमवार

साहेबाच्या मशीनवर आज परीक्षा. तिने फोन मोठ्या आवाजात ठेवलेला, मी ओट्याशी उभी, नळ बंद करून. साहेब नुसता "हं... हं..." करतोय. या माणसाला कुणीतरी पूर्ण वाक्य बोलायला शिकवा! मी उगाच ओटा पुसला. पुसलेलाच होता.

आणि फोनमधून ती बाई ओरडली — "नंबर एक!"

मी इकडून म्हटलं, "आले!"

साहेब विचारतो, "कोण आहे?" नात म्हणते, "माझी टेस्टिंग टीम, सर."

त्याने खोली मोडून पुन्हा उभी केली. पुन्हा चाललं. मग साहेब पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला. "छान झालं, बुधवारी बोलू."

२६ मार्च, बुधवार

नोकरी पक्की.

वर साहेब म्हणतो, आता हे कुणाच्याही मशीनवर चालतं, तेव्हा तू एकटीने घरी बसून सांभाळायची गरज नाही. मोठ्या ऑफिसात ये, इथल्या लोकांनाही असंच बसवून दे. दुसरं गाव. पगार जास्त. पुढच्या महिन्यात हजर.

पोरीने मला हे सांगताना टेबलावरचे कप तीनदा जागचे हलवले. "मी नाही म्हणून सांगते, आजी."

"वेड लागलंय का? एवढं झटलीस ते नाही म्हणायला?"

"मग तू?"

"मला काय धाड भरलीय! पाय आहेत, डोळे आहेत, भंगारवाला आहे."

बापाला कुठून वास लागतो कोण जाणे, दुपारी त्याचा फोन. "अभिनंदन! बरं, आई, मग रविवारी गाडी घेऊन येतो. तुझी खोली सूनबाईने आवरून ठेवलीय." माझी खोली! त्या खोलीत इस्त्रीचं टेबल असतं आणि दार लागत नाही.

म्हणजे हरलो असतो तरी कुलूप, जिंकलो तरी कुलूप. पोरगी मात्र इकडून तिकडे अशी फिरतेय, जणू चोरी करताना सापडली. जेवताना नुसता भात चिवडत होती. शेवटी मीच ओरडले तिच्यावर, मीठ जास्त घातलंस म्हणून. मीठ बरोबर होतं. ती उलट बोलली, तेव्हा कुठे घास गेला.

२८ मार्च, शुक्रवार

आज तिला सांगितलं, घराला कुलूप लागायचंच तर ते मी लावीन, किल्ली माझ्या कमरेला; मी तुझ्याबरोबर येते. तिकडे जागा बघशील ती दोन खोल्यांची बघ. एक माझी, तिला दार लागलं पाहिजे. बापाला कळवायचं काम तुझं.