वर्धमानकाकांवरचा सूड, सेमिस्टर सहावं

११ जानेवारी, रविवार
आज भरतेशच्या साखरपुड्यात वर्धमानकाकांनी माझा जाहीर अपमान केला. भरतेश त्यांचा मुलगा, कराडला इंजिनिअर झालेला. मुलीकडच्यांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, आमचा सम्मेद अर्थशास्त्र शिकतोय, त्यातनं फुडं काय हुतंय ते त्याला कळलं की आमाला सांगणार हाय. अख्खा हॉल हसला. मुलीच्या आजीला तर ठसका लागला. आजीला काय कळलं, देव जाणे.
हे मी विसरणार नाही. जिलेबी तीनदा घेतली, पण विसरणार नाही.

१२ जानेवारी, पहाटे (९.४०)
सुडाचा प्लॅन. बीए फर्स्ट क्लास, एन्ट्रन्स, दिल्लीला एमए, मग इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस. सव्विसाव्या वर्षी केबिन. काका हळदीचे व्यापारी, कधी ना कधी काम घेऊन येणारच. दोन तास बाहेर बसवायचं. चहा नाही. पाणी द्यायचं, पण कोमट.
उद्यापासून पाचला उठणे.

१३ जानेवारी
थंडी फार होती.

१९ जानेवारी
घात झाला. एचओडी सर म्हणाले, या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग. एकशेवीस तास प्रत्यक्ष काम आणि मालकाच्या सहीचं सर्टिफिकेट. नाहीतर नापास. सेमिस्टर गेलं की एमए गेलं, एमए गेलं की केबिन गेली.
वर्गातल्या श्रद्धाला बँक मिळाली. मी तीन ठिकाणी गेलो. तिघांनीही विचारलं, टॅली येतं का? मी म्हणालो, मी धोरणात्मक पातळीवर विचार करतो. तिघंही कळवतो म्हणाले.

२८ जानेवारी
कुणीही कळवलं नाही. आईने मला न विचारता काकांना फोन केला. काका म्हणाले, यिऊ दे की, घरचंच हाय.
वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. शत्रूच्या गोटात शिरायला अशी संधी कुणाला मिळते?

२ फेब्रुवारी
पहिला दिवस. दुकानात काकांनी मला मनुबाईंशेजारी बसवलं. त्या वीस वर्षं हळद निवडतात. काय शिकतोस, म्हणाल्या. मी त्यांना ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट अर्धा तास समजावली. त्या म्हणाल्या, म्हंजे हितं आलास म्हून घरची झोप बुडाली, आसंच न्हवं? तसंच आहे. पण इतकं सोपं करून सांगितलं की विषयाची उंची जाते.

१७ फेब्रुवारी
काकांबरोबर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला गेलो. ढिगाभोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, पुकारणारा दर पुकारतो आणि बोली वर चढते. काकांनी हळकुंड मोडलं, आतला रंग बघितला, वास घेतला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, पुस्तकातल्या हळदीला वास नसतोय रं. परत हशा. हमालसुद्धा हसले! आता केबिनची वाट बघत बसणार नाही. आताच दणका देणार.

२३ फेब्रुवारी
प्लॅन फुलप्रूफ आहे. मागणी वाढली की किंमत वाढते, हे पहिल्याच वर्षाला आहे. काकांना हवा असलेला ढीग हेरायचा. त्यांनी बोली लावली की मी वरची लावायची. ते इरेला पेटून आणखी वर जाणार आणि बेक्कार माल सोन्याच्या भावाने गळ्यात पडणार. मग मी विचारणार, काका, आता कळलं का अर्थशास्त्रातनं काय होतं?
एन्ट्रन्सचा अभ्यास झाला नाही. सूड हा पण फुलटाइम जॉब आहे.

२४ फेब्रुवारी
चौथा ढीग. काका म्हणाले, क्विंटलला चौदा हजार. बाकीचे गप्प झाले. मी उगाच एक हळकुंड मोडून नाकाला लावलं आणि ओरडलो, साडेचौदा!
काकांनी माझ्याकडे बघितलं. आता पंधरा म्हणणार. म्हणा की! काका गप्प. पुकारणाऱ्याने तीनदा पुकारलं आणि ढीग माझ्यावर सोडला. माझ्यावर! माझ्या खिशात बसच्या पासाशिवाय काही नाही. कुणीतरी विचारलं, नाव कुणाचं लिहायचं? काका म्हणाले, पोरानं शब्द दिलाय, आता मागं नाय घ्यायचा, माझ्या दुकानावर लिव्हा.
येताना टेम्पोत काका सारखे मागे वळून पोती बघत होते. धक्का बसला असणार. माल आतून किडका निघाला. म्हणजे थिअरी सिद्ध झाली.

२५ फेब्रुवारी
झाली सिद्ध. पण सर्टिफिकेट? ते आता सही करणार नाहीत, मला नापास करून सूड उगवणार. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. विद्यापीठाला तक्रारीचा अर्ज लिहून ठेवतो. विद्यार्थ्याचं शोषण, मानसिक छळ. वापरलेलं हळकुंड पुरावा म्हणून जोडावं का?

१६ मार्च, सोमवार
एकशेवीस तास संपले. अर्ज खिशात घालून दुकानात गेलो. सर्टिफिकेट गल्ल्यावर तयार होतं. सही झालेली. सगळ्या रकान्यांत उत्तम.
मी म्हणालो, काका, त्या दिवशी तुम्ही पुढची बोली का नाही लावली? ते म्हणाले, तू मोडून बगितलंस, वास घेतलास, मग बोल्लास. पयल्यांदा सोताच्या मनानं बोल्लास. म्या कशाला आडवा यिऊ? मी म्हणालो, पण माल बाद निघाला. ते म्हणाले, माझा पयला ढीग ह्याच्याहून बेकार व्हता, आमच्या वडलांनी, आण्णांनी, वरीसभर कुणाला सांगितलं न्हवतं. मग हळू आवाजात म्हणाले, त्यात तुला चांगलं काय दिसलं हुतं रं? लय दिवस इचारीन म्हणत हुतो.
खिशातला अर्ज हाताला लागत होता. मी म्हणालो, रंग.
काका खूश झाले. मागच्या गोडाऊनमध्ये घेऊन गेले. ती पोती त्यांनी विकायला काढलीच नाहीत. वेगळी रचून ठेवलीत आणि प्रत्येकावर रंगाने माझं नाव घातलंय. मनुबाई, हमाल, सगळे पेढ्यांसाठी थांबले होते. काकांनी माझ्या हातात नारळ दिला, फोड म्हणाले, मालक हायेस.
चार वेळा आपटला. फुटला नाही. शेवटी मनुबाईंनी फोडला.