जिनिंगच्या सुट्टीतली टेप

खामगाव,
८ जानेवारी १९६९

प्रिय नीळकंठदादा,

तुझं पत्र मिळालं. गिटारवर दोन धुना वाजवून टेप पाठव, नागपूरच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना निवडीसाठी ती मी माझी म्हणून देतो, टेपवर कोणाची बोटं दिसतात, बोलावणं येईपर्यंत माझं बरं होईल, असं तू लिहिलंस. बसच्या दारात चेमटलेलं तुझं बोट अजून वाकत नाही हे ऐकून आईने दोनदा चष्मा पुसला. पुढची, 'माझी म्हणून देतो' ही ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. तू मागितलेलं मी कधी नाकारलेलं नाही, म्हणून कामाला लागले.

माणिकरावांच्या लाउडस्पीकरच्या दुकानातून टेपरेकॉर्डर आणला. तू बांधलेला ॲम्प्लिफायर मधल्या खोलीत मांडला. आवाज भिंतींवर आपटून घुमत होता, तेव्हा दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या गाद्या-गोधड्या टांगल्या. शेजारच्या जनकाबाई डोकावून म्हणाल्या, "काऊन वं सुहास, ढेकणं झाले काय घरात?" आई म्हणाली, "नाही वं, गाणं सुकवून राह्यलो." मला हसू आलं. माइक स्पीकरच्या अगदी तोंडाशी धरला की आवाज फाटायचा, लांब नेला की नुसती गुणगुण ऐकू यायची. शेवटी स्पीकरच्या कडेला, वीतभर अंतरावर, जरा तिरपा ठेवला तेव्हा जमलं.

सकाळी दोन्ही धुना घेतल्या आणि दुपारी ऐकल्या, तर सूर चढलेले आणि लय पळत सुटलेली. मला वाटलं, घाबरून मीच घाई केली. आधी आईच्या लक्षात आलं. कापसाचं जिनिंग चालू असलं की आपल्या गल्लीतले दिवे मंद होतात, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक, आणि मी नेमकं तेच विसरले. कमी विजेवर रेकॉर्डर हळू फिरला होता. एक वाजता जिनिंग जेवायला थांबलं, वीज पुरी आली आणि तीच टेप धावू लागली. मग रोज एक ते दीड एवढाच वेळ माझा. चौथ्या दिवशी दोन्ही धुना मनासारख्या उतरल्या.

माणिकराव आले आणि डोळे मिटून ऐकत बसले. म्हणाले, "नीळकंठचा हात बरा झाला म्हना. कधी येऊन गेला तो?" मी काहीतरी पुटपुटून पाणी आणायला आत गेले. चुलीपाशी नुसती उभी राहिले. ते गेल्यावर आईला तुझी ती ओळ वाचून दाखवली.  ती म्हणाली, "तुमचं तुमी ठरवा. पन मले कोनी इचारलं तं मी खोटं नाही सांगनार."

आबांनी शाळेत घालण्याआधी आपल्याला ओट्यावर शिकवलं ते तुला आठवत असेल. तुझ्या पाटीवरून गणित उतरवलं की खाली 'नीळकंठच्या पाटीवरून' असं ते मला लिहायला लावायचे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. उत्तर तुझं होतं.

दादा, आता खरं लिहिते. तू रागावशील या भीतीने हे पत्र मी तीनदा फाडलं. रेकॉर्डर आणखी एक दिवस ठेवून घेतला आणि परवा एक वाजता टेप पुन्हा पहिल्यापासून भरली. धुना सुरू होण्याआधी मी बोलले आहे, "वादन सुहासिनी खेर्डेकर. शिकवलं भाऊ नीळकंठ याने, ॲम्प्लिफायरही त्यानेच बांधला." आवाज कापतो आहे, पण शब्द स्वच्छ ऐकू येतात. ती टेप काल रजिस्टरने थेट ऑर्केस्ट्राच्या पत्त्यावर गेली. त्यांच्याकडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. त्यांनी बोलावलं तर मी वाजवायला जाणार आहे. स्टेजवर ॲम्प्लिफायरपाशी तू हवास, त्याची खोड तुझ्याइतकी कोणाला कळत नाही. नाही आलास तर आईला घेऊन जाईन, पण जाईन.

तुझीच,
सुहास