धुतलेली शाल

४ फेब्रुवारी

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर ताई आणि मी एक संत्रं दोघींत खायचो. ती सोलायची, मी सिस्टर येतात का ते बघायचे. सालं मोज्यात लपवायची – मग दिवसभर पायांना संत्र्याचा वास! आज बालगृहाच्या ओट्यावर आमची ‘कॉलेज’ लवंगीला संत्रं भरवत होती, म्हणून आठवलं.

कॉलेज म्हणजे समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. आमच्या बालकल्याण कार्यालयात, माझ्या हाताखाली, काम शिकायला आली आहे. नाव शिपाईमामांनी ठेवलं. आणि लवंगी चार वर्षांची. जीभ तशी, म्हणून बालगृहातल्या स्वयंपाकीणबाईंनी ठेवलेलं नाव. तिची आई मूत्रपिंडाच्या आजाराने इस्पितळात. दुसरं कोणी नाही. आई बरी होईपर्यंत तिला एका घरी सांभाळायला द्यायचं ठरलंय – बसचे ड्रायव्हर आणि त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नाही. उद्या न्यायचं.

५ फेब्रुवारी

लवंगीला पोचवली. रडली नाही. ते मला आवडलं नाही.

तिची एक शाल आहे. इस्पितळात जाताना आईने अंगावरची काढून दिलेली. तेव्हापासून ती हातातून सुटली नव्हती, मळून काळी झाली होती. आज कॉलेजने ती धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून आणली. नव्या घरी कोणी नाक मुरडू नये म्हणून. मी शाबासकी दिली! सिस्टरांनी रोज रुमाल तपासून वाढवलेली मी – नीट घडी दिसली की मान डोलतेच.

८ फेब्रुवारी

ड्रायव्हरकाकांच्या बायकोचा – काकूंचा – फोन. लवंगी झोपत नाही, घास तोंडात धरून बसते. शाल नाकाला लावते, फेकते, पुन्हा उचलते, पुन्हा हुंगते.

मला फोनवरच कळलं. इतकी वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले – मूल हलवताना त्याचं पांघरूण धुवायचं नाही. या वेळी सांगायचं राहिलं. आणि वर शाबासकी!

कॉलेजला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे मी तिची आई धुऊन टाकली.”

मी म्हटलं, चहा घे.

९ फेब्रुवारी

कॉलेज आली नाही. शिपाईमामांनी विचारलं, आज कॉलेजला सुट्टी का? कोणी हसलं नाही.

१० फेब्रुवारी

काकू आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. पोर डोळ्यांदेखत सुकत चालली, आमच्याच्याने बघवत नाही, म्हणाल्या. परत घेऊन जा एवढंच सांगायला आल्या होत्या, पण ते तोंडातून निघेना. मीही मदत केली नाही. एकदा परत आलेलं मूल पुढच्या घरात दारातूनच मागे फिरतं. किती तरी पाहिलीत.

तेवढ्यात कॉलेज दारात. डोळे सुजलेले, पण आली. तिनेच सुचवलं – शाल आईकडे नेऊ, चार दिवस पांघरू दे तिला. काकू लगेच म्हणाल्या, मी नेते.

आमच्याकडे ही पद्धत नाही. जन्म दिलेली आणि सांभाळणारी, दोघींची गाठ पडू द्यायची नाही. हेवा होतो, मूल दोन्हीकडून ओढलं जातं – मीच शिकवते हे. तसं सांगितलं. काकू म्हणाल्या,

“बाई, तिची लेक माझ्या घरात आहे. आणि मला तिचा चेहरासुद्धा माहीत नाही.”

साहेबांना नंतर सांगेन. परवानगी दिली.

११ फेब्रुवारी

तिघी इस्पितळात गेलो. लवंगीची आई अगदी काडी झाली आहे. जीभ मात्र – लेकीला कुठून मिळाली ते कळलं! कॉलेजने उभ्या उभ्याच सगळं कबूल केलं. आईने ऐकून घेतलं.

“अगं, तेल सांडलं होतं शालीवर. ते तरी निघालं का?”

कॉलेज हसता हसता रडायला लागली.

मग आईने काकूंची उलटतपासणी घेतली. घर कुठल्या मजल्यावर, खिडक्यांना गज आहेत का, नवरा रागावतो का. काकू शाळेतल्या मुलीसारख्या उत्तरं देत होत्या. शेवटी आई म्हणाली, पोरीला झोपताना कानाची पाळी धरायला लागते. स्वतःची नाही हं, दुसऱ्याची! काकूंनी तिथल्या तिथे कानातली काढून पर्समध्ये टाकली.

शाल आईच्या अंगावर ठेवून आलो.

१५ फेब्रुवारी

काकू इस्पितळातून शाल घरी घेऊन गेल्या. देवा, एवढं कर.

१६ फेब्रुवारी

झोपली! काकूंचा कान लाल झालाय म्हणे. फोनवर मागून ड्रायव्हरकाका सांगत होते, उद्या माझा कान, आजच ठरवून ठेवा.

कॉलेजने सगळ्यांना सामोसे आणले. कशाबद्दल ते सांगितलं नाही. शिपाईमामांनी विचारलंही नाही.

३ मार्च

काकू दर गुरुवारी लवंगीला घेऊन आईकडे जातात. दोघी तिच्याबद्दल एकमेकींकडे तक्रारी करतात, ती मध्ये बसून खूश. साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे कोणाच्या परवानगीने? माझ्या, म्हटलं. विद्यार्थ्यांना तुम्ही काय शिकवता मग? म्हटलं, सध्या मीच शिकते आहे.

कॉलेज आईचे केस विंचरून येते. डॉक्टरांना विचारलं तर नजर चुकवतात. लवंगीच्या आईला वाटतं, आम्हाला कळत नाही. आम्हाला वाटतं, तिला.

२१ मार्च

पहाटे लवंगीची आई गेली. काकू आणि कॉलेज जवळ होत्या. काल तिने सांगून ठेवलेलं, कॉलेजने मला सांगितलं तसंच उतरवते.

चांदीची साखळी पोरीला, मोठी झाल्यावर. नव्या चपला शेजारच्या खाटेवरच्या आजींना. छोटा रेडिओ ड्रायव्हरकाकांना. फणी कॉलेजला – तिचा हात हलका.

मग काकूंचा हात धरला.

“ताई, पोर तुमची. बरी झाले असते तर दिली नसती.”