जोडाखालचं तेल

४ ऑगस्ट, सोम.
"तुझो हात लागलो की वस्तू मेली." मी नऊ वर्षांची, रेडिओ बंद पडलेला, बाबा दारात उभे. आज गाडीत ते मनात पुन्हा ऐकू आलं. डायलिसिस आटोपून कणकवलीहून मिठबावला परतत होतो. रक्त यंत्रातून फिरून आलं की बाबांना हुडहुडी भरते, बाहेर कितीही उकडो. दोन शाली, गरम पाण्याची पिशवी, तरी दात वाजत होते. हीटर लावला. पंखा फिरेना. इथे हीटर कधी लागलाच नव्हता, आणि त्याच पंख्यावर चालणारा एसी मी लावत नाही. कधी मेला कोण जाणे.
बाबांनी शाल डोक्यावरून ओढून घेतली. बोलले असते तर बरं.

७ ऑगस्ट, गुरु.
फ्यूज बदलला. काही नाही. सेंटरमध्ये बाबा नर्सला म्हणाले, "माका सुरमयसारखो बर्फात घालून नेता ही." सगळे हसले. मीही.
घरी उतरताना बाबांनी सांगितलं, आता डायलिसिसला येणार नाही.
डॉक्टरांनी मागेच बजावलंय, दोन खेपा चुकल्या तर छातीत पाणी भरेल.

९ ऑगस्ट, शनि.
गाडी दुरुस्त करणारा फिलीप मेस्त्री घरी आला. आधी पोटभर हसला. "बाय, कोकणात हीटर कोण लावता गो?" बाबा पडवीतून सगळं बघत होते. फिलीपने पंख्याची मोटर थेट बॅटरीला जोडली. फिरली. म्हणजे मोटर ठीक. मग तिची दुसरी वायर, गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली, ती सोडवली. खाली काळा थर. नखाने खरवडून त्याने वास घेतला. काजूच्या टरफलांचं तेल. होडीला लावतात ते.
दोन वर्षांपूर्वी गाडीत पाणी शिरलं तेव्हा मॅट उचलून बाबांनी आतला पत्रा त्या तेलाने माखला होता. होडीचा जोड आधी तेल लावून मगच आवळायचा, होड्यांच्या कामात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलेलं. इथेही स्क्रू काढला, तेल लावलं, आवळला. तेल वाळून घट्ट झालं, वीज अडली. लावलं होतं ते माझी गाडी खाऱ्या वाऱ्याने सडू नये म्हणून.
हे सगळं त्या क्षणी मला कळत होतं. तरी फिलीपसमोर मोठ्याने म्हटलं, "ह्यो तुमचो हात, बाबा. लागलो आणि वस्तू मेली."
फिलीप वाकून स्क्रू शोधू लागला. स्क्रू त्याच्या हातातच होता.
थर खरवडून त्याने वायर पुन्हा आवळली, पंखा सुरू झाला. बाबा उठून आत गेले.

११ ऑगस्ट, सोम.
बाबा आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून. मी माफी मागितली. ते म्हणाले, "गाडी बंद कर. डिझेल जळता."
मी बाहेर येऊन गाडीत बसले. ऊब छान होती.
खरं लिहायचं तर, शनिवारी ते वाक्य बोलताना मला बरं वाटलं होतं. बत्तीस-तेहतीस वर्षं जपून ठेवल्यासारखं…

१३ ऑगस्ट, बुध.
बाबांच्या पायांवर सूज. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. उद्याची चुकली तर दुसरी खेप.
फिलीप जाताना म्हणाला होता, स्क्रू आवळलाय, आता वरून काहीतरी लावा, इथल्या हवेत गंजेल. तेलाचा डबा माळ्यावरून काढला. कुंचलाही. सकाळी दोन्ही बाबांपुढे ठेवणार. नाही म्हणतील, डब्याकडे बघणारसुद्धा नाहीत. तरी कसं विचारायचं ते मनात घोकतेय:
बाबा, स्क्रू आवळलेलो आसा. वयरसून तेल तुमीच लावा. गाडीपर्यंत चला.