खुंटी कुठे मारायची

मार्लो, अलाबामा
६ नोव्हेंबर १९७४

प्रिय ल्युशस,

तुझं पत्र पोचलं. सहा वर्षांनी चार ओळी, म्हणजे वर्षाला एक ओळसुद्धा पडत नाही. अक्षर मात्र तसंच आहे, चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. तू, हेझल आणि मुली बऱ्या असाल. मी बरी आहे. माझा रक्तदाब मीच मोजते, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

इकडचं सांगायचं तर, जिल्ह्यातली पहिली काळी डॉक्टर मी होतेच, आता नगरपालिकेतली पहिली काळी सभासदही आहे. 'पहिली' हे माझं आडनावच झालंय. सभेत चार गोरे आणि मी. नगराध्यक्ष क्रेनशॉ बाकीच्यांना 'मिस्टर' म्हणतात, मला 'व्हर्नीस'. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "व्हर्नीस, तुला कबरस्तानाची समिती देऊ. तुझ्या धंद्याला जवळची." सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता, माझ्या आधी त्यांना सुचला एवढंच.

तिथलं लोखंडी कुंपण तुला आठवत असेल. गोरे मेलेले अलीकडे, आपले पलीकडे, आणि वर टोकदार भाले, न जाणो कुणी उडी मारून यायचा. ते काढायचा ठराव मी मांडला. आठ महिने घासाघीस चालली. शेवटी क्रेनशॉ म्हणाले, "काढू. पण आधी तुमची बाजू साफ होऊ दे. काय त्या काचा, काय ती फुटकी भांडी. बघवत नाही."

ठरावातलं ते कलम मी स्वतः लिहिलं, ल्युशस. त्या उन्हाळ्यात तीन पोरांच्या तळव्यांतून काचा काढल्या होत्या, धनुर्वाताचं भय होतं. 'फुटकी काच व भांडी सार्वजनिक आरोग्यासाठी हटवावीत.' खाली माझी सही. माझ्या डोक्यात वाटेवरच्या काचा होत्या. वाट कुठे संपते ते मजुरांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

ऑक्टोबरात दोन ट्रक भरून गेले. कपबश्या, शिंपले, बंद पाडलेली घड्याळं, दिवे, माझ्या औषधांच्या बाटल्या. मेलेल्याने शेवटी जे हातात धरलं ते फोडून त्याच्यावर ठेवायचं, म्हणजे घरातलं दुसरं कुणी त्याच्यामागे जात नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. नॅशव्हिलला डॉक्टरकी शिकताना हीच गोष्ट सांगून मी मैत्रिणींना हसवायची.

कबरीवर दगड आपल्यातल्या किती जणांना परवडला? त्या बश्या हीच नावं होती. आता तिथे नुसतं गवत आहे. एकसारखं, फार सुरेख. वर्तमानपत्रासाठी क्रेनशॉंनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

दवाखान्यात हल्ली खुर्च्या रिकाम्या असतात. गेल्या आठवड्यात अल्मेटा मावशी आल्या. बाही वर करून म्हणाल्या, "बघ."

रक्तदाब पाहिला. "वाढलाय, मावशी."

"वाढणारच. रविवारी सगळं चर्च तिथे फिरत होतं, गाय हरवल्यासारखं. माझ्या ऑर्विलच्या कबरीवर त्याची दाढीची निळी वाटी होती. आता मी कुठल्या गवताशी बोलू?"

मी गोळ्या मोजत राहिले.

"तुला सगळं वाचता येतं गं पोरी," दारातून म्हणाल्या, "एक बशी तेवढी वाचता आली नाही."

गोळ्या मात्र घेऊन गेल्या.

तू लिहितोस, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत डेट्रॉइटहून आईचा दगड घेऊन येतो, जागेवर खुंटी मारून ठेव. खुंटी दोन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे.

मी तीनदा जाऊन आले. कचऱ्याच्या खड्ड्यावरही गेले, रबरी हातमोजे घालून. तेवढी डॉक्टर अजून शिल्लक आहे. आईच्या त्या चिनी मातीच्या पिवळ्या किटलीचे तुकडे मिळाले, पण ढीगभर. गावात दुकान एक, सगळ्यांच्या आयांनी तीच किटली घेतलेली. रोग्याला विचारते तसं स्वतःला विचारते, कुठे दुखतंय? दाबून पाहते. काही कळत नाही.

दफनाच्या दिवशी किटली तू फोडलीस, तू ठेवलीस. नंतर म्हणालास, नीसी, तू आईकडे पाठ करून उभी होतीस. मी म्हटलं, खोटं. त्यावर तू बोलणं सोडलंस. खोटं नव्हतं. मी फाटकाबाहेर गाडीपाशी होते, एक बाळंतीण वाट पाहत होती, आणि मी घड्याळ बघत होते. पुढेही, बश्या होत्या तोवर, आत कधी गेले नाही. समितीची पाहणीसुद्धा फाटकातूनच केली. म्हणून मला जागा ठाऊक नाही. ती फक्त तुला ठाऊक आहे.

दगड घेऊन ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण त्या दिवशी जिथे उभा होतास तिथे उभा राहा. अल्मेटा मावशी आणि चर्चमधल्या बाकी म्हाताऱ्या येणार आहेत. त्या म्हणतात, एक कबर नक्की झाली की तिच्या डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण, हे आपोआप आठवत जाईल. ऑर्विल आईपासून चौथा की पाचवा यावर आत्ताच भांडण लागलंय.

तू बोट दाखव, खुंटी मी धरते. घड्याळ त्या दिवशी घरी ठेवणार आहे.

फाटकाच्या आत वाट पाहणारी,
तुझी बहीण
नीसी