यास्नाचं गाणं आणि तासभर पाणघोडे

१४ मे, रविवार
आलं! कालचं अख्खं आलं! मी प्लांटमध्ये मासे साफ करत होते आणि इकडे डब्याने आपसूक यास्नाचं गाणं टिपून ठेवलं. जाताना पोरीने हा डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर, टीव्हीच्या अँटेनाला जोडून दिला होता— 'आई, दर शनिवारी आठला आपोआप रेकॉर्ड होईल. बाबांना दाखव.'

बाबा! नर्सिंग सोडून पोरगी राजधानीत, सांतियागोला, टीव्हीवरच्या स्पर्धेत गायला निघाली, तेव्हा एरिबेर्तो काय म्हणाला? 'गेलीस तर या उंबरठ्यावर परत पाय ठेवायचा नाही.' आणि स्वतः बोटीवर निघून गेला. जूनमध्ये येईल. आला की खुर्चीत बसवणार आणि सगळी गाणी लावणार. विरघळेल. माझा नवरा आहे, मला माहीत आहे.

आज सांतियागोवाल्यांनी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतली. आम्ही नाही! यंदापासून आमच्या पुंता आरेनासची वेळ वेगळी. डब्याने मात्र न विचारता तास मागे घेतला होता. आणला वठणीवर— केला तास पुढे.

२१ मे, रविवार
पाणघोडे! डब्यात तासभर नुसता प्राण्यांचा कार्यक्रम! यास्नाचा पत्ता नाही. फोनवर म्हणते, 'अगं आई, मी गायले की! आठलाच!'

२४ मे
अँटेना हलवला. डबा उघडून धूळ झटकली. जागा भरली असेल म्हणून एरिबेर्तोच्या फुटबॉलच्या मॅचेस पुसून टाकल्या (त्याला कळलं तर माझं काही खरं नाही). शेजारचा बेलार्मिनो छपरावर चढला, तर त्याची टोपी उडाली. 'वहिनी, सगळा दोष वाऱ्याचा.' याच्या दुखऱ्या दाढेलाही वाराच कारण असतो.

२८ मे, रविवार
मूर्ख बाई! मीच!

काल नऊच्या सुट्टीत एदेल्मिराने कँटीनच्या टीव्हीवरचा फुटबॉल बदलला आणि— यास्ना! समोर! गात होती! मी म्हटलं, 'आठचा कार्यक्रम नऊला कसा?' पंधरा वर्षं माझ्या शेजारी सुरी चालवतेय ही बाई. हसून लोळायची बाकी होती. 'अगं, त्यांचे आठ म्हणजे आता आपले नऊ! घड्याळ मागे घेणार नाही म्हणून कोण नाचत होतं?'

घरी डब्यात मगरी. दोन गाणी गेली माझ्या ताठ्यापायी. रडले. मग नऊची वेळ लावली.

४ जून, रविवार
पहिल्या सुरापासून आलं. पोरगी अंतिम फेरीत!!

८ जून
एरिबेर्तोचा फोन. उत्तरेला माल उतरवायला गेलाय, आठवडाभर उशीर होईल. 'थोडं काम आहे.' मी सांगितलं, शनिवारी यास्नाची अंतिम फेरी. 'बरं,' म्हणाला आणि ठेवला. नुसतं 'बरं'! दगड आहे, दगड. तरी दाखवणारच.

११ जून, रविवार
काल मासे इतके आले की सुट्टीच नाही. निकाल कुणी फोडू नये म्हणून फोनही बंद ठेवला. आत्ता डबा लावला. यास्ना गातेय. कॅमेरा लोकांवरून फिरला— तिसऱ्या रांगेत एरिबेर्तो! लोकरी टोपी हातात चुरगाळत, ढसाढसा रडतोय.

तिथेच थांबवून बसलेय. कोण जिंकलं ते अजून पाहिलंच नाही.